झोळीतली घोण

खोली बघायला गेलो तेव्हा बाईंनी ना भाडं सांगितलं, ना माझं गाव-कूळ विचारलं. "चप्पल काढून दाखवा," एवढंच म्हणाल्या.

मी नेहमीसारखी पाय झटकून चप्पल काढली. ती उडून उंबऱ्याला आपटली. बाईंनी डोळे गच्च मिटून घेतले.

"न्हाई. पुन्हा घाला. आता हळू काढा. जमिनीला कळलं न्हाई पाहिजे."

गावी असलेल्या दोन लेकरांचा बाप, सरकारी नोकरीत पक्का झालेला माणूस मी. भर दुपारी परक्या उंबऱ्यात उभा राहून चप्पल घालत होतो आणि काढत होतो. राग आला होता, पण गिळला. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. जिल्ह्यापाठोपाठ कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांपाठोपाठ आम्ही कारकून आलो, आणि गावात जेवढे म्हणून रिकामे गोठे होते तेवढ्यांच्या खोल्या झाल्या. असल्या एका खोलीत मी महिनाभर काढला होता. तिथली म्हैस गेली होती पण तिचा वास राहायला होता. बाईंच्या खोलीला खिडकी होती. खिडकीसाठी माणूस चप्पल काय, टोपीसुद्धा दहादा काढील. शेवटी बाईंच्या मनासारखी चप्पल निघाली आणि मी पास झालो.

बाई मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. मूळच्या उदगीरकडच्या, लिंगायत. लग्न केलेलं नव्हतं. वडिलांनी ठेवलेलं माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, छोटं घर आणि पुढं कडुलिंबाचं झाड असलेलं अंगण एवढा त्यांचा संसार. बारीक काठाचं सुती पातळ, कपाळावर विभूतीची तीन बोटं. सकाळी डाव्या तळहातावर लिंग ठेवून त्या पूजेला बसल्या की त्यांची नजर तिथून हलायची नाही. पूजा आटोपली की उठायच्या, देवळीतल्या लोणच्याच्या बरणीवरचं काळं फडकं बाजूला सारायच्या आणि अगदी त्याच नजरेनं बरणीत बघत राहायच्या.

बरणीत लोणचं नव्हतं. ओल्या मातीत, काचेला चिकटून, एक घोण होती. मोठ्या गोमीला आमच्याकडं घोण म्हणतात. वीतभर लांब, पाठ काळपट हिरवी, पाय हळदीसारखे पिवळे. पहिल्या दिवशी मी ती बघितली आणि सरळ ट्रंक उचलायला वळलो.

"कानात शिरत न्हाई ती," बाई मागून म्हणाल्या. "तुमच्या कानात हाय काय असं शिरण्यासारखं?"

मी थांबलो तो त्या वाक्यामुळं. पुढं सहा वर्षं राहिलो.

बाई माणसाला नावानं हाक मारायच्या नाहीत, गावानं मारायच्या. मी नायगावचा म्हणून 'नायगाव'. दूधवाला 'औसा'. शाळेच्या मुख्याध्यापिकांना त्या तोंडावर 'अहो निलंगा' म्हणायच्या आणि त्या बिचाऱ्या ओ द्यायच्या. फक्त समोरच्या किराणा दुकानदाराच्या बायकोला त्या 'काकू' म्हणत, आणि त्याचं कारण मला तरी असं वाटतं की बाई जगात कुणाला भीत असतील तर या काकूंना. काकू अंगानं भरदार, आवाजानं त्याहून भरदार. सहा लेकरं वाढवून मोकळ्या झालेल्या. बाईंच्या बरणीचा त्यांना मनापासून तिटकारा होता. "बाईमाणसानं मांजर पाळावं, पोपट पाळावा. हे काय इख पाळून राहिल्यात," असं त्या दुकानात आलेल्या प्रत्येकाला तेलाबरोबर मोजून द्यायच्या.

बाईंच्या घरी जेवायला बसलं की ताटात एक भाकरी यायची, नाहीतर तीन. दोन कधीच नाहीत. "जोड्या दोन-दोन करून मोजल्या तर घोणीच्या पायाची एक जोडी नेहमी उरते, नायगाव. सम आकडा तिला माहीतच न्हाई," असं म्हणून त्या तिसरी भाकरी वाढायच्या. पोट भरलेल्या माणसाला हे शास्त्र जड जायचं.

शाळेत त्या गोम शिकवायच्या ती मुलींचीच गोम करून. पहिली मुलगी डोकं. तिनं दोन्ही हात मिशांसारखे पुढं धरायचे. दुसरीनं बोटांचे आकडे करायचे, ते विषाचे. मग एकेकीनं मागं येऊन पुढचीची कंबर धरायची. "घाई करायची न्हाई. अंड्याच्या आत आधी पुढचे खंड होतात, मग मागचे. नवा खंड कायम मागं लागतो. मधी कुणी घुसत न्हाई." अशी ती गोम शाळेच्या मैदानाला फेरी मारायची आणि निलंगा खिडकीतून बघून कपाळाला हात लावायच्या. पण त्या शाळेतली एकही मुलगी हा धडा विसरली नसेल, हे मी पैजेवर सांगतो.

त्या सुमारास पाऊस रुसला तो दोन वर्षं. नळ आठवड्यातून एकदा थुंकल्यासारखं करायचा. गल्लीत टँकर आला की घागरी, डबे, बादल्या आणि माणसं एकमेकांच्या अंगावर पडायची. एक दिवस बाई शाळेतून येत होत्या. तो दंगा बघून त्यांनी पिशवी खाली ठेवली, पहिल्या बाईच्या खांद्याला धरून तिला टँकरच्या नळाशी उभं केलं, दुसरीला तिच्या मागं, तिसरीला तिच्या मागं. काकू मधेच शिरायला बघत होत्या.

"काकू, मागं."

"बाई, माझ्याकडं पाव्हणे आलेत."

"येऊ द्या की. नवा खंड मागंच लागतो."

काकूंना खंड म्हणजे काय ते कळलं नाही, पण त्या मागं गेल्या. तेव्हापासून आमच्या गल्लीत पाण्यावरून भांडण झालं नाही. बाकीच्या गल्ल्यांत डोकी फुटत होती.

माझ्या कचेरीची रोजची रड मी संध्याकाळी बाईंना ऐकवायचो. टेबल आहे तर खुर्ची नाही, खुर्ची आली तर साहेब यायचे आहेत. बाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "तुमचा जिल्हा भिंतीवरल्या गोमीसारखा हाय. ती लांब पायाची, भुर्रकन पळते ना, ती. जन्मते तेव्हा तिला पाय थोडेच असतात. कात टाकत जाते, पाय वाढत जातात. घोणीचं तसं न्हाई. घोणीचं पिल्लू अंड्यातनंच सगळे खंड घेऊन येतं. तुम्हाला वाटलं जिल्हा घोणीसारखा जन्मंल. धीर धरा, कात टाकू द्या त्याला." मी हे दुसऱ्या दिवशी कचेरीत सांगितलं. तिथं कुणी खुर्चीसाठी कुरकुरलं की 'कात टाकू द्या' म्हणायची पद्धत पडली.

बाईंच्या भिंतीवर देवादिकांच्या तसबिरी होत्या तशाच हातानं काढलेली चित्रंही होती, काच लावून ओळीनं टांगलेली. पहिल्यात नुसतं पिवळं अंडं. मग एक कोरा कागद, त्यालाही काच. मग पांढरं, मऊ, डोळे न फुटलेलं पिल्लू. मग जरा मोठं. मग पुरती घोण. कोऱ्या कागदाचं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"ते मला अजून दिसलं न्हाई," बाई म्हणाल्या. "अंड्यात आधी एक पट्टी तयार होते. तिच्यावर खंड उमटतात. आणि मग ती पट्टी मधून वाकून घडी होते, असं पुस्तकात हाय. त्याच वेळेला पाय फुटायला लागतात. पुस्तकातलं चित्र बघून मीही काढलं असतं. पण बघितल्याशिवाय काढणार न्हाई."

आणि बघण्यातच सगळी अडचण होती. घोण अंडी घालते, त्यांच्याभोवती अंगाची चुंबळ करते आणि पिल्लं हिंडू लागेपर्यंत खात नाही, हलत नाही. अंड्यांना बुरशी धरू नये म्हणून ती एकेक चाटून साफ करते. पण तिला भ्यायला झालं, जमीन हादरली, कुणी सारखं डोकावलं, तर ती आपलीच अंडी खाऊन टाकते. एकदाच एका घोणीची पिल्लं जगली, पण तिनं अंडी मातीत खोल घातली होती, बाईंना दिसली ती पिल्लंच; एरवी बाईंच्या घोणी वर्षानुवर्षं हेच करत आल्या होत्या. कधी शेजारी लग्नाचा बँड वाजला. कधी भाडेकरूनं वरवंटा पाडला. आणि एकदा, हे त्यांनी मान खाली घालून सांगितलं, त्यांच्याच उतावळेपणानं. राहवेना म्हणून सारख्या बघत राहिल्या. माझ्या चपलेची परीक्षा का झाली ते मला तेव्हा समजलं. समजल्यावर मी खोलीत खाकरायचंसुद्धा बंद केलं.

दुष्काळानं बाईंवर एक उपकार केला. सगळीकडं माती वाळली तशा गोमी ओल शोधत घरात आल्या, न्हाणीत, माठाखाली. काकूंच्या रांजणाखाली जी घोण निघाली तिला बघून काकूंनी जी किंकाळी फोडली ती मला कचेरीत ऐकू आली असं मी म्हणत असे. बाई सुपलीत घेऊन तिला घरी घेऊन आल्या. बरणीतली आधीची घोण उन्हाळ्यात मेली होती. हिला तिच्या जागी सोडली, आणि काही दिवसांनी तिनं काचेला लागून खळगा केला आणि ज्वारीच्या दाण्यासारखी पिवळी अंडी घातली. काचेतून स्वच्छ दिसत होती. अशी जागा आजवर कुठल्याच घोणीनं धरली नव्हती. बाई त्या दिवशी शाळेत गेल्या त्या चप्पल न घालता. शाळा आल्यावर त्यांच्या लक्षात आलं. स्वतःच्या पिण्याच्या तांब्यातलं पाणी त्या कापसाच्या बोळ्यानं मातीत सोडायच्या आणि बरणीजवळ तोंड नेऊन कानडीत पुटपुटायच्या, "सुम्निरव्वा." म्हणजे, गप राहा गं माय.

अशात गावात बोअरची गाडी आली.

सरकारी माणूस येऊन गल्लीभर फिरला आणि बाईंच्या अंगणात लिंबापासून चार हातांवर दगड ठेवून गेला. इथं पाणी लागेल, म्हणाला. तो दगड आणि देवळीतली बरणी यांच्यामध्ये एक भिंत होती, तीही मातीची. गाडी दुसऱ्याच दिवशी येणार होती. नको म्हटलं तर ती अर्धापूरकडं की कुठं जायची होती, आणि परत कधी येईल हे सांगायला कुणी तयार नव्हतं.

संध्याकाळी गल्लीतल्या बाया बाईंच्या दारात आल्या. पुढं काकू. एरवी आवाजाला मागं न हटणाऱ्या काकू त्या दिवशी हळू बोलत होत्या. "बाई, तुमची जागा हाय. तुम्ही न्हाई म्हणलात तर आम्ही काय करणार. पर लेकराबाळांचे लई हाल होऊन राहिले."

बाईंनी बरणीकडं बघितलं. मी बाजूला उभा होतो. मला वाटलं, आता या बाई काहीतरी सम-विषम बोलतील. त्यांनी नजर बरणीवरून दारातल्या बायांकडं नेली. भिंतीवरच्या कोऱ्या कागदाकडं त्यांनी बघितलं नाही, पण बघायचं टाळलं हे मला दिसलं. मला बाई आवडायच्या, हे इथंच सांगून टाकतो.

"पाडा बोअर," बाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "काकू, तुमचं एखादं जुनं लुगडं हाय?"

"हाय की. कशाला?"

"झोळी बांधायची हाय. जमीन हादरली तरी टांगलेल्याला कळत न्हाई."

काकूंच्या तोंडावर जे उमटलं ते बघण्यासारखं होतं. पण पाण्यासाठी त्या त्यावेळी साप पाळायलाही तयार झाल्या असत्या. दुकानामागच्या कोठारात, पोत्यांच्या मध्ये, तुळईला झोळी बांधली गेली. काकूंच्या सहाही लेकरांची झोळी त्याच तुळईला होती. सकाळी बाई बरणी दोन्ही हातांत धरून गल्ली ओलांडायला निघाल्या. अनवाणी, पाऊल मोजत. बाया आपापल्या दारात उभ्या राहिल्या. कुणी पोरांना आत ओढलं, कुणी पदर सावरला. बरणी झोळीत बसली. काकू बरणीपासून हातभर लांब उभ्या होत्या. मग काय वाटलं कोण जाणे, पुढं आल्या, बोटाला काजळ घेतलं आणि काचेला तीट लावली.

"आता कुणीच हात लावायचा न्हाई," बाई म्हणाल्या.

"मी बसते की राखण," काकू म्हणाल्या.

गाडी लागली. दगडाचा भुगा उडून लिंब पांढरा झाला. घर थरथरत होतं. भिंतीवरच्या चित्रांच्या काचा वाजत होत्या. बाई अंगणात कानांवर हात ठेवून बसल्या होत्या. दुपार झाली, कोरडी धूळच येत होती. गाडीवाला मान हलवू लागला होता. आणि एकदम धुळीचा रंग बदलला, चिखल आला, आणि चिखलामागून पाणी आलं, लिंबाच्या शेंड्यापर्यंत उडालं. पोरं त्याच्यात नाचायला लागली. गाडीवाला हसत म्हणाला, "लो अम्मा, मीठा पानी हय."

बाई उठल्या आणि भिजलेल्या पातळानंच गल्ली ओलांडून पळाल्या. मी मागं. काकूंना सांगायचं होतं. कोठाराच्या दारात जाऊन बाई म्हणाल्या, "काकू, पाणी लागलं," आणि तिथंच थिजल्या.

काकू शेजारणीशी बोलत बसल्या होत्या. बोलता बोलता त्यांचा उजवा हात झोळीवर होता. झोळी हलत होती. चांगला लांब, लयीत झोका चालला होता, या भिंतीपासून त्या पोत्यापर्यंत.

बाईंच्या चेहऱ्याकडं बघून काकूंनी आपल्या हाताकडं बघितलं. हात त्यांनी चटका बसल्यासारखा मागं घेतला. "बाई," त्या म्हणाल्या, "झोळी दिसली आन् हात गेला. मला ठावंच न्हाई."

शेजारीण झोळी धरायला उठली.

"धरू नका," बाई म्हणाल्या. आवाज अगदी खाली होता. "आचका बसंल. आपोआप थांबू द्या."

मग आम्ही चौघं उभे राहून ती झोळी थांबायची वाट बघत राहिलो. बाहेर गल्ली पाण्यानं वेडी झाली होती, आणि आत झोका जरा जरा आखूड होत होता. तो थांबला तेव्हा काकू भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या.

बरणी घरी आली. बाईंनी देवळीत ठेवली आणि फडकं काढलं नाही. हादऱ्यानंतर डोकावलं तर उरलीसुरली आशाही जाईल, हे त्यांना अनुभवानं माहीत होतं. काकूंना त्या एक शब्द बोलल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं काकू मला दुकानात म्हणाल्या. अंगणात हापसा बसला. तो नवा असूनही करकरत होता; दुसऱ्या दिवशी काकू दुकानातली तेलाची बुधली घेऊन आल्या आणि त्याच्या सांध्यात तेल सोडून गेल्या. मग रोजच येऊ लागल्या. कुणी दांडा जोरात हाणला की त्या दुकानातून धावत यायच्या. "हळू गं. बाळंतीण हाय घरात." एकही बाई हसली नाही. सगळ्या दांडा दोन्ही हातांनी धरून अलगद खाली-वर करू लागल्या.

त्या दिवसांत बाईंनी मला तीनच काय, पाच भाकऱ्या वाढल्या तरी मी खाल्ल्या असत्या, पण त्या स्वयंपाकच विसरून जायच्या. पूजा मात्र चुकली नाही. पूजेनंतर बरणीपाशी जायच्या, फडक्याला बोट लावायच्या आणि परत फिरायच्या.

एका रविवारी सकाळी मला हाक आली. "नायगाव, या जरा."

गेलो. बाई देवळीकडं पाठ करून उभ्या होत्या. हातात भिंग होतं. ते त्यांनी माझ्यापुढं धरलं.

"तुम्ही बघा. मला धीर न्हाई."

माझ्या आयुष्यात इतका मोठा हुकूम कुठल्या साहेबानं दिला नव्हता. मी फडकं हळूच सारलं. आधी मला नुसती घोणीची पाठ दिसली. काचेला लागून तिची घट्ट चुंबळ, पिवळे पाय आत वळवलेले. मग त्या पायांच्या मधे दाणे दिसले. मी श्वास धरला आणि भिंग लावलं.

"हायत, बाई."

बाई अजूनही देवळीकडं पाठ करूनच होत्या.

"दाण्यात पांढरं काहीतरी हाय. दोऱ्यासारखं. त्याच्यावर बारीक बारीक आडव्या वळ्या हायत. आणि ते..." मला शब्द सापडेना. "ते मधून मुडपलंय. पोळीची घडी घालावी तसं."

"मधून?" बाईंनी विचारलं.

"मधून."

"नीट बघा, नायगाव. मधून का?"

"मधूनच. बरोब्बर मधून."

बाई वळल्या. भिंग घेतलं. वाकल्या. त्यांच्या कानामागची शीर उडत होती. किती वर्षं त्या या एका गोष्टीसाठी थांबल्या होत्या, आणि किती बघितलं? मोजून चार श्वास. मग त्यांनी स्वतःच्या हातानं फडकं परत सोडलं.

"बास?" मी म्हणालो. "बघा की अजून."

"तिला तरास नको," बाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

दाराशी हालचाल झाली. काकू तेलाची बुधली घेऊन पायरीवर उभ्या होत्या. कधीच्या आल्या होत्या कोण जाणे. चप्पल कधी काढली ते मला ऐकू आलं नव्हतं. बाईंच्या डोळ्यांतलं पाणी बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"गेली का ओ?"

"न्हाई," बाई म्हणाल्या. "हायत. समदी हायत."

काकूंनी बुधली खाली ठेवली आणि पदर तोंडाला लावला. मग बाळंतिणीच्या दारात प्रत्येक बाई जे विचारते ते त्यांनी विचारलं.

"हातपाय धड हायत ना, बाई?"

बाईंनी पातळाच्या पदरानं डोळे पुसले आणि किती तरी दिवसांनी काकूंकडं नीट बघितलं.

"फुटून राहिलेत, काकू," त्या म्हणाल्या. "या, आत या."